अक्कलदाढ काढण्याआधी आणि काढल्यानंतर

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, आणि पुणे हे नेमकं त्याच वयाच्या मुलामुलींनी भरलेलं शहर आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कॉलेजांच्या वसतिगृहांत राहणारे, हिंजवडीत पहिली नोकरी लागलेले. घरापासून लांब, मेसचं जेवण, रात्रीची जागरणं. अशात एखाद्या सकाळी जबड्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात ठणका सुरू होतो. घास चावताना हिरडीच दाताखाली येते आणि कळ कानापर्यंत जाते. फोनवर आई सांगते, लवंग धर. खोलीतला मित्र सांगतो, मेडिकलमधून गोळी आण. दोन-तीन दिवसांत बरं वाटतं आणि विषय मागे पडतो. मग परीक्षेच्या तोंडावर तेच दुखणं पुन्हा उपटतं. या वेळी गाल सुजलेला असतो आणि तोंडात चमचाही जात नाही.

निर्णय घ्यायची खरी वेळ या दोन दुखण्यांच्या मधली असते, असं माझं ठाम मत आहे. ठणका चालू असताना माणूस घाईने काहीही ठरवतो आणि ठणका थांबला की काहीच ठरवत नाही. दाढ काढायची की ठेवायची हे ती किती दुखते यावर अवलंबून नसतं. ती जबड्यात कशी बसली आहे आणि शेजारच्या दाढेला काय करते आहे, हे पाहून ते ठरवायचं असतं.

मुळात या वयात दुखतं ते बहुतेकदा दाढेपेक्षा तिच्यावरच्या हिरडीमुळे. दाढ अर्धीच वर आली की हिरडीचा एक पापुद्रा तिच्यावर पसरून राहतो. त्याखाली भाताची शितं आणि दाण्याचा कूट अडकतो, तिथे ब्रश पोचत नाही. हवा न लागणाऱ्या त्या फटीत जंतू वाढतात, हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीवर वरची दाढ घासागणिक आपटत राहते. डॉक्टर याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. जबडा मिटणारे स्नायू तिथून जवळच असतात. सूज त्यांच्यापर्यंत गेली की तोंड उघडेनासं होतं.

हे दुखणं आजचं नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांमध्ये ‘अधिमांसक’ नावाचा विकार सांगितला आहे. जबड्यातल्या सगळ्यात मागच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणं, ही त्याची लक्षणं. आज डेंटल कॉलेजातल्या विद्यार्थ्याला पेरिकोरोनायटिसवर टीप लिहायला सांगितली तर तो फार वेगळं लिहिणार नाही. चिकित्सास्थानात उपायही आहे: वाढलेलं मांस छेदून टाकावं आणि त्या जागी मधात कालवलेली औषधी चूर्णं लावावीत. हिरडीचा पापुद्रा कापण्याची ही छोटी शस्त्रक्रिया अजूनही करतात. फक्त तिने दाढेला जागा मिळत नाही, त्यामुळे जागा अपुरी असेल तर पापुद्रा बऱ्याचदा परत वाढतो.

त्याच ग्रंथात एक इशाराही आहे. वरच्या जबड्यातला घट्ट दात मुळासकट काढला तर अतिरक्तस्राव होऊन एक डोळा जातो आणि तोंड वाकडं होतं, म्हणून वैद्याने वरचा दात हलत असला तरी काढू नये, असं सुश्रुत सांगतो. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीती महाराष्ट्रात घराघरांत ऐकू येते. तिचं मूळ या इशाऱ्यात असावं असं मला वाटतं. रक्त थांबवण्याची खात्रीची साधनं नव्हती आणि जंतूंची कल्पना नव्हती, त्या काळात ती सावधगिरी शहाणपणाचीच होती. आज शरीररचना आपल्याला नीट माहीत आहे. दातांना संवेदना पुरवते ती मेंदूतून निघणारी पाचवी नस, डोळ्याने पाहण्याचं काम करते ती दुसरी, आणि दात काढताना दुसरीचा कुठे संबंध येत नाही. उलट वरची सडलेली दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर तिचा पू गालाच्या हाडातल्या पोकळीत आणि क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो. डोळ्यांची काळजी वाटत असेल तर ती दाढ लवकर काढण्याकडे वळायला हवी.

मग निसर्गाने ही दाढ दिलीच का, असा प्रश्न येतो. दाढ चांगली आहे, जबडा कमी पडतो. पुण्यापासून पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. ही माणसं आपल्या माणसांना घराच्या जमिनीखालीच पुरत. त्यामुळे सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले, आणि सुभाष वाळिंबे व जॉन लुकाक्स यांनी त्यांचा, दातांसकट, बारकाईने अभ्यास करून १९८६ साली तो प्रसिद्ध केला. इनामगावकर सातू पिकवत, दगडी पाट्यावर धान्य भरडत, शिकारीचं मांस खात. अशा जेवणात दगडाची कच येते, तंतू येतात, घास पुष्कळ वेळ चघळावा लागतो. जगभरच्या प्राचीन सांगाड्यांमध्ये दात झिजलेले दिसतात, पण अडकलेल्या अक्कलदाढा आजच्या मानाने फार कमी असतात.

जबड्याचं हाड बालपणी वाढतं, आणि चावण्याचा ताण पडला तर ते जास्त वाढतं. हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांनी २००४ साली हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांवर याची तपासणी केली. काहींना शिजवलेलं मऊ अन्न दिलं, काहींना कच्चं आणि वाळलेलं. मऊ अन्नावर वाढलेल्यांच्या चेहऱ्याची, जिथे चावण्याचा ताण पडतो त्या भागाची, वाढ सुमारे १० टक्क्यांनी कमी भरली. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, पण रॉबर्ट कोरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी चंदीगडमधल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांचे दात तपासले तेव्हा शहरातल्या मुलांचे दात जास्त वेडेवाकडे आढळले. वंश तोच, जेवण वेगळं. दातांचा आकार मात्र जनुकांनी आधीच ठरलेला असतो. तो कमी होत नाही, आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्या दाढेला उभं राहायला जागा उरत नाही. जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली तर साधारण दर चौथ्या माणसाची किमान एक अक्कलदाढ जबड्यात अडकलेली असते. पाचापैकी एकाहून जास्त लोकांमध्ये निदान एक अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही. म्हणून पंचविशी उलटून गेली आणि दाढ आली नाही, तर त्यात काही बिघडलं आहे असं समजू नये.

अडकलेली प्रत्येक दाढ काढावी का? इथे जगात दोन मतं आहेत आणि वाचकाने दोन्ही माहीत करून घ्यावीत. अमेरिकेत विशीतल्या मुलांच्या चारही अक्कलदाढा, दुखत नसल्या तरी, एकाच बैठकीत काढून टाकण्याची पद्धत रुजली. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २००० मध्ये सांगितलं की ज्या दाढेत रोग नाही ती केवळ अडकली आहे म्हणून काढू नये. २००८ साली अमेरिकेतल्याच सार्वजनिक आरोग्य संघटनेने सरसकट काढण्याला विरोध नोंदवला. ब्रिटनच्या सावध धोरणालाही नंतर एक बाजू दिसली: पुढे झुकलेली दाढ तशीच ठेवलेल्या काहींच्या शेजारच्या दाढा मागच्या बाजूने किडल्या, आणि दाढ काढायची वेळ आली तेव्हा त्यांचं वय वाढलेलं होतं.

ही पुढे झुकलेली दाढच सगळ्यात जास्त आढळते. तिचं डोकं शेजारच्या दाढेच्या पाठीला टेकतं आणि दोघींमध्ये एक फट राहते. त्या फटीत अन्न कुजतं. कीड लागते ती बहुधा शेजारच्या, चांगल्या, आयुष्यभर कामाला येणाऱ्या दाढेला. ती हिरडीच्या खाली, मागच्या अंगाला लागत असल्याने आरशात दिसत नाही आणि दुखू लागते तोवर दाढेतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. मग अक्कलदाढ तर जातेच, शिवाय शेजारणीचं रूट कॅनाल करावं लागतं किंवा तीही जाते. लोक अक्कलदाढेच्या ठणक्याला घाबरतात. मला या न दुखणाऱ्या किडीची जास्त धास्ती वाटते.

तेव्हा दाढ काढण्याची सबळ कारणं अशी: हिरडी पुन्हा पुन्हा सुजणं, दाढेला किंवा तिच्या शेजारणीला कीड लागणं, दाढेभोवती हाडात द्रवाची पिशवी म्हणजे सिस्ट तयार होणं, वरची दाढ बाहेरच्या बाजूला वळून गालाला सतत घासणं. सरळ आलेली, समोरच्या दाढेशी जुळणारी, ब्रश पोचतो अशी दाढ खुशाल ठेवावी. हाडात पूर्ण गाडलेली आणि शांत असलेली दाढही बहुतेकदा ठेवता येते, फक्त अधूनमधून एक्स-रे काढून तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. ‘अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात’ असं सांगून दाढ काढायला लावतात, त्याला मात्र भक्कम पुरावा नाही. पुढचे दात वयाबरोबर तसेही थोडे दाटतात, अक्कलदाढा मुळात नसलेल्यांचेही.

वयाचा मुद्दा मात्र खरा आहे. विशीच्या सुरुवातीला दाढेची मुळं पूर्ण बनलेली नसतात, हाड लवचीक असतं आणि जखम लवकर भरते. पस्तिशी-चाळिशीनंतर हाड कडक होतं, मुळं लांब झालेली असतात आणि सूजही जास्त दिवस राहते. बाळाचा विचार करणाऱ्या मुलींनी त्रास देणारी दाढ आधीच काढून घ्यावी, कारण गरोदरपणात हिरड्या सुजण्याचं प्रमाण वाढतं आणि तेव्हा औषधांवरही मर्यादा येतात. पुण्यातून दर ऑगस्टमध्ये शेकडो मुलं अमेरिकेला शिकायला जातात. तिथल्या विद्यार्थी विम्यात दातांचा खर्च बहुधा धरलेला नसतो आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून जाणती कुटुंबं व्हिसाच्या धावपळीतच दातही तपासून घेतात. ही दूरदृष्टी चांगली, पण दाढ काढायचीच असेल तर विमानाच्या आधी निदान तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत.

तपासणीत पहिली गोष्ट म्हणजे ओपीजी, दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं, काही सेकंदांत चित्र येतं. डॉक्टर ते उजेडात धरतील किंवा पडद्यावर दाखवतील तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा: नस कुठून जाते? खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक बोगदा जातो. त्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेची मुळं काहींमध्ये या बोगद्याला टेकलेली असतात. अशा वेळी दाढ काढताना नसेला धक्का लागून ओठाचा अर्धा भाग बधिर राहू शकतो. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. ओठ हलतो, बोलता येतं, चेहरा वाकडा होत नाही, कारण ही नस फक्त स्पर्शाची आहे. मुळं नसेला फारच चिकटलेली दिसली तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन काढतात. खूपच जोखीम असेल तर दाढेचं डोकं तेवढं कापून काढतात आणि मुळं आत ठेवतात. याला कोरोनेक्टॉमी म्हणतात.

हे काम ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनचं. बीडीएसनंतर तीन वर्षं एमडीएस करून ही शाखा शिकतात. सरळ आलेली वरची दाढ तुमचे नेहमीचे डेंटिस्टही काढतात. आडवी असेल तर बरेच डेंटिस्ट ठरलेल्या दिवशी सर्जनला आपल्या दवाखान्यात बोलावतात. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी पुण्यात डेंटल कॉलेजांची मोठी सोय आहे: धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगाव बुद्रुकला सिंहगड, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली या दाढा रोज काढतात. केसपेपर, रांग, दोन-तीन फेऱ्या, असा वेळ जातो, पण पैसे खासगी दवाखान्याच्या मानाने पुष्कळ कमी लागतात. मेडिक्लेमवर विसंबू नये, बहुतेक पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचे उपचार धरलेले नसतात.

जाण्याआधी आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना सांगायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. दात काढताना थोडं जास्त रक्त गेलं तर ते थांबवता येतं, पण गोळी सोडल्याने आलेला झटका परतवता येत नाही. मधुमेह, रक्तदाब, हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हेही सांगावं. आणि नीट जेवून जावं. जागेवरच्या भुलेसाठी उपाशी राहण्याची गरज नसते, उलट उपाशीपोटी आणि घाबरलेल्या माणसाला खुर्चीत चक्कर येते. मोबाइलवर फिरणाऱ्या परदेशी चित्रफितींत दाढ काढून आलेली मुलं गुंगीत बडबडताना दिसतात. ती झोपेच्या औषधाची गुंगी असते. आपल्याकडे बहुतेक दाढा फक्त जागेवर भूल देऊन काढतात, माणूस पूर्ण शुद्धीत असतो.

भुलेचा इतिहासच अक्कलदाढेशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. ती अक्कलदाढ होती, आणि त्याला वेदना झाल्या नाहीत. शस्त्रक्रियेतल्या वेदना घालवता येतात, हे ज्या मोजक्या प्रसंगांतून जगाला कळलं त्यातला हा एक. आज आपल्याला टोचतात ते लिग्नोकेन. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं.

सुई जबड्याच्या आतल्या बाजूला, मागे टोचतात. टोचताना एक चिमटा बसतो, औषधातल्या ॲड्रेनलिनमुळे छाती दोन-तीन मिनिटं धडधडते. थोड्या वेळात अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड वाटू लागते. हिरडी टोकदार अवजाराने टोचून डॉक्टर खात्री करतात, तेव्हा दुखलं तर लगेच हात वर करावा. आणखी भूल देता येते, सहन करण्यात काही पराक्रम नाही. मग हिरडीला छेद देऊन ती बाजूला सारतात, दाढेवरचं थोडं हाड ड्रिलने काढतात आणि आडवी दाढ दोन-तीन तुकडे करून बाहेर आणतात. ताकदीने ओढून काढणं हे जुन्या गोष्टींतलं चित्र आहे. तुकडे करतात ते हाड कमी काढावं लागावं म्हणून. या सगळ्यात दुखत नाही, पण दाब जाणवतो, ड्रिलचा आवाज कवटीत घुमतो आणि दाढ सुटताना कटकन आवाज येतो. त्या आवाजानेच अनेकांचा धीर सुटतो. तो येणार आहे हे आधी ठाऊक असलं की फार जड जात नाही. जागा सलाइनने धुऊन टाके घालतात आणि गॉझची घडी दाताखाली देतात. अवघड दाढेला पाऊण तासापर्यंत वेळ लागतो, वरची सोपी दाढ पाचेक मिनिटांत निघते. एका बाजूच्या वरच्या-खालच्या दाढा एकत्र काढून दुसरी बाजू चावायला मोकळी ठेवणं सोयीचं पडतं.

गॉझ अर्धा-पाऊण तास घट्ट धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. कारण एकच: दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली हाड भरून येतं. तोंडात ओढ निर्माण झाली की ती निसटते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळ्यांना आता बरं वाटायला हवं अशा वेळी, कानशिलापर्यंत जाणारा असह्य ठणका लागतो आणि तोंडाला घाण वास येतो. हाच ड्राय सॉकेट. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत तो इतर दातांपेक्षा बराच जास्त होतो. तो धोक्याचा नाही, पण घरी सोसत बसू नये. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि थोड्याच वेळात आराम पडतो. त्या औषधात बहुधा युजेनॉल असतं, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. आईचा लवंगेचा सल्ला असा पुन्हा कामी येतो, फक्त जखमेवर तेल आपल्या हाताने ओतू नये, हिरडी भाजते.

ड्राय सॉकेटचं मोठं कारण तंबाखू. विडी-सिगारेट ओढताना ओढही पडते आणि निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. दाढ काढल्यावर निदान आठवडाभर तंबाखू, मशेरी, गुटखा काहीच नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीने जे नुकसान केलं ते तोंडांत दिसतंच. सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाच्या आत पांढरे, ताठर पट्टे येतात आणि तोंड कमी कमी उघडू लागतं. या सबम्यूकस फायब्रोसिसची भारतातली नोंद १९५३ साली स. ग. जोशी यांनी केली. अशा रुग्णाची अक्कलदाढ काढायला डॉक्टरांना जागाच मिळत नाही. आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे प्रत्येकाने पाहावं. आणि सुपारी-तंबाखू खाणाऱ्याच्या शेवटच्या दाढेमागे दोन आठवडे न भरलेली जखम असेल, तर तिला अक्कलदाढेचा त्रास समजून गोळ्या खात बसू नये. ती लगेच दाखवावी, कॅन्सर त्या जागी होतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. हे माहीत नसलं की लोक घाबरतात. पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं गालावर धरावा, थोडं थांबून पुन्हा. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा, जेवणानंतर प्रत्येक वेळी. डोकं एक उशी जास्त घेऊन वर ठेवावं. तोंड आठवडाभर कमी उघडतं, ते हळूहळू उघडायचा सराव करावा लागतो.

वेदनाशामकांच्या बाबतीत अक्कलदाढेने सगळ्या जगावर उपकार केले आहेत. निरोगी तरुण माणूस, ठरावीक शस्त्रक्रिया, ठरावीक वेळाने सुरू होणारी वेदना, हे सगळं इथे जुळून येत असल्याने नव्या गोळ्यांच्या चाचण्या अनेक दशकं अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच होत आल्या आहेत. त्यातून कळलेली गोष्ट अशी की या दुखण्यावर आयबुप्रोफेन हे पॅरासिटामॉलपेक्षा सरस आहे आणि दोन्ही एकत्र घेतल्यास आणखी बरं. ॲसिडिटी, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेनआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घ्यावी. अँटिबायोटिक्सबद्दल मात्र आपण फार सैल आहोत. कॉक्रेनच्या २०२१ सालच्या आढाव्यानुसार अक्कलदाढ काढणाऱ्या १९ जणांना ती दिली तर एकाचा जंतुसंसर्ग टळतो. बाकीच्या अठरांना फक्त जुलाबाचा, ॲलर्जीचा आणि जंतू निर्ढावण्याचा धोका मिळतो. डॉक्टरांनी लिहून दिली तर पूर्ण घ्यावी, पण मेडिकलमधून आपणच आणलेली अर्धी पाकिटं कुणीही घेऊ नयेत.

जेवणाची काळजी मराठी घराला शिकवायला नको. पहिल्या दिवशी गार दूध, ताक, आइस्क्रीम. मस्तानीही चालते, चमच्याने खाल्ली तर. दुसऱ्या दिवसापासून कोमट वरण आणि गुरगुट्या भात, तुपाची धार घातलेली मुगाची पातळ खिचडी, पेज, मऊ शिरा, आंबील. भाकरी, चिवडा, शेंगदाणे, मिसळीवरचं फरसाण आठवडाभर दूर. त्यांचे कण खड्ड्यात जाऊन बसतात. मिसळीच्या तर्रीने तर ताजी जखम चरचरते.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये: गॉझ दाबून धरूनही तासाभरात न थांबणारं रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढतच जाणारी सूज, ताप, गिळायला त्रास. जिभेखाली आणि हनुवटीखाली सूज कडक होऊन श्वास अडू लागला तर ते लुडविग्ज अँजायना असू शकतं. तेव्हा दातांच्या दवाखान्यात न जाता थेट ससून किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठावा, रात्र असली तरी.

एरवी सातव्या दिवशी टाके काढतात, विरघळणारे घातले असतील तर तेही नाही. खड्डा महिनाभर जिभेला लागत राहतो. त्यात शीत अडकलं तर डॉक्टरांनी दिलेल्या बोथट सिरिंजने कोमट पाणी मारून काढायचं, काडी घालायची नाही. हाड पूर्ण भरायला काही महिने लागतात. शेजारच्या दाढेची मागची बाजू आता पहिल्यांदाच ब्रशला सापडते. ती रोज घासायला सुरुवात करावी. टाके काढायला जाल तेव्हा ओपीजी बरोबर न्यावा आणि दुसऱ्या बाजूची दाढ डॉक्टरांबरोबर पुन्हा पाहावी. ती सरळ असेल तर राहू द्यावी. शेजारणीवर कलली असेल तर पुढच्या सुट्टीतली तारीख तिथेच घेऊन टाकावी, ती दुखायला लागायच्या आधी.